आयुक्तांना गुण कोण देणार?

ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस नाशिकमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठरावाची तयारी सुरू होती, आणि बाहेर त्याच मुंढे यांच्या पाठिंब्यासाठी नागरिक फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते. सभागृहात १२२ पैकी ६६ जागा भाजपकडे होत्या. त्याच पक्षाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितल्यावर ठराव मागे घेतला गेला. तीन महिनेही झाले नसतील, तोच नोव्हेंबरमध्ये मुंढे यांच्या बदलीचा आदेश आला. नागरिक पुन्हा जमले, त्यांनी घोषणा दिल्या, निवेदनं दिली. आदेश बदलला नाही. नगरसेवकांना आयुक्त नको होते तेव्हा ते राहिले आणि नागरिकांना हवे होते तेव्हा ते गेले. दोन्ही निर्णय मंत्रालयात झाले.

महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्या माणसाला आपल्या आयुक्ताबद्दल भरपूर मत असतं. पाणी, कचरा, रस्ता, घरपट्टी, अतिक्रमण हे रोजच्या जगण्यातले विषय त्या एका खुर्चीशी येऊन थांबतात. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार महापौराला दिलेलेच नाहीत, ते आयुक्ताला दिले आहेत. महापौर सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मिरवतो. निविदेवर, बांधकाम परवानगीवर आणि पाडकामाच्या आदेशावर सही चालते ती आयुक्ताची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची. आमदार, नगरसेवक, महापौर या सगळ्यांपेक्षा ज्याच्या कामाचा आपल्या घरावर थेट परिणाम होतो, त्याच्याबद्दलचं आपलं मत नोंदवण्याची जागा मात्र या सगळ्या व्यवस्थेत कुठेच नाही. या लेखाचा विषय ती नसलेली जागा हाच आहे.

आधी नाशिकबद्दल थोडं अधिक, कारण तिथलं चित्र वरवर दिसतं तेवढं सरळ नव्हतं. मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिकला आले. गरज आहे का, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का आणि पैसे आहेत का, या तीन कसोट्यांवर उतरेल तेच काम, ही त्रिसूत्री त्यांनी लावली. नगरसेवकांनी सुचवलेली अनेक कामं तिथेच अडली. कर्मचारी वेळेवर टेबलावर दिसू लागले. ‘वॉक विथ कमिशनर’ हा उपक्रम त्यांनी नवी मुंबईत केला होता, तोच इथेही सुरू केला. सकाळी उद्यानात यायचं, लेखी तक्रार द्यायची, आयुक्त तिथेच संबंधित अधिकाऱ्याला विचारणार. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त पोचपावत्या गोळा केल्या होत्या, त्यांना हे केवढं वाटलं असेल, ते महापालिकेत खेटे घातलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण त्याच वर्षी मुंढे यांनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले आणि मोकळ्या जमिनींनाही कर लावला. नाशिकच्या हद्दीत अजून शेती आहे. शहरात गावं सामावली गेली तेव्हा त्यांच्यासोबत द्राक्षाच्या बागा आणि भाजीचे मळेही आले. त्या शेतकऱ्याला अचानक मोकळ्या भूखंडाच्या हिशेबाने कराचं भय दिसू लागलं. शेतकरी एकत्र आले, सभा झाल्या, आंदोलनं झाली. म्हणजे त्या वर्षी नाशिककरांना मुंढे हवे होते आणि नाशिककरांना ते नको होते, ही दोन्ही विधानं खरी होती. कॉलेज रोडवरचा नोकरदार आणि मखमलाबादचा शेतकरी एकाच आयुक्ताकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहत होते, आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. ही दोन्ही मतं एकमेकांसमोर ठेवून, आकडे मांडून, कुठल्या जमिनीवर किती कर हे ठरवण्याची जागा सभागृह असते. ते काम तिथे झालं नाही. कराचा वाद आयुक्त राहणार की जाणार या एकाच प्रश्नात गुंडाळला गेला.

हेच आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडतं. पिंपरी-चिंचवडमध्ये श्रीकर परदेशी २०१२ मध्ये आयुक्त झाले. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांनी अनधिकृत बांधकामांवर कारवाई सुरू केली. २०१३ मध्ये ‘सारथी’ ही नागरिक मदतवाहिनी सुरू केली. कुठल्या कामासाठी कुठल्या कार्यालयात जायचं, कागद कोणते लागतात आणि तक्रारीचं पुढे काय झालं, हे फोनवर कळू लागलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये, तीन वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, त्यांची बदली झाली आणि नागरिक रस्त्यावर आले. त्याच शहरात अर्ध्या गुंठ्यावर आयुष्याची कमाई घालून घर बांधलेली हजारो कुटुंबं होती. पाडकाम थांबावं म्हणून त्यांनीही मोर्चे काढले होते. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये १११ सदस्यांच्या सभागृहाने मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की एकूण सदस्यसंख्येच्या पाच अष्टमांशांनी तसा ठराव केला, तर सरकारने आयुक्ताला परत बोलावलं पाहिजे. मुंढे पदावर राहिले. मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली, तीही सरकारच्या सोयीने. नागपुरात जानेवारी २०२० मध्ये आले, ऑगस्टमध्ये गेले, आणि निरोपाला त्यांच्या निवासस्थानाबाहेर गर्दी लोटली. वीस वर्षांच्या नोकरीत वीसहून अधिक बदल्या झालेला हा अधिकारी आहे.

मुंढे यांच्या कारभाराची पद्धत मला पूर्णपणे पटते असं नाही. लोकप्रतिनिधी म्हणजे अडथळा, अशी समजूत तिच्यामागे दिसते आणि ती शहराला महागात पडते. तरीही लोक त्यांच्यासाठी रस्त्यावर का येतात, हे समजून घ्यायला हवं. वर्तमानपत्रं ‘डॅशिंग’ म्हणतात म्हणून कुणी नोकरीची रजा टाकून निवेदन द्यायला जात नाही. लोक येतात, कारण कुणीतरी त्यांचा अर्ज वाचला होता.

शहरातल्या माणसांशी आयुक्ताबद्दल बोलायला लागलं, की मोठमोठे प्रकल्प फार उशिरा येतात. मेट्रो, उड्डाणपूल, नदीकाठ यांच्याविषयी मतं असतात, पण त्यावरून आयुक्त चांगला की वाईट हे कुणी ठरवत नाही. पहिला प्रश्न असतो, फोन उचलतात का? त्यानंतरचा, तक्रार बंद झाली असा संदेश येतो तेव्हा काम खरंच झालेलं असतं का? हा दुसरा प्रश्न तर प्रत्येक शहरात निघतो. ड्रेनेज तुंबल्याची तक्रार ॲपवर टाकायची, दोन दिवसांनी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा संदेश यायचा आणि चेंबरमधून पाणी तसंच वाहत राहायचं. माणसाचा राग तुंबलेल्या चेंबरपेक्षा त्या संदेशावर जास्त असतो, कारण त्यात आपल्याला कुणी जमेत धरत नाही हे कळतं. मग येतो घरपट्टीचा प्रश्न. कर भरायला लोकांची ना नसते, आपल्या गल्लीला त्यातलं काय मिळालं हे त्यांना कळायला हवं असतं. आणि अगदी शेवटी, बहुतेक सगळीकडे, एक वाक्य येतं : ‘साहेब चांगले आहेत हो, पण साहेबांपर्यंत पोचायचं कसं?’

पूर्वी त्याचं उत्तर नगरसेवक हे होतं. बरा असो, वाईट असो, त्याचं घर माहीत असायचं. पाण्याची वेळ बदलली तर व्हॉल्व्हमनला फोन करणारा, कचऱ्याची घंटागाडी चार दिवस आली नाही तर मुकादमाला बोलावणारा, दाखला अडला तर क्षेत्रीय कार्यालयात सोबत येणारा माणूस. त्या ओळखीपाळखीच्या कारभारात पक्षपात होता, टक्केवारी होती, हे कुणी नाकारत नाही. २०२० पासून एकेका शहरात हा माणूसच नाहीसा झाला. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई इथल्या महापालिकांची मुदत २०२० च्या उन्हाळ्यात संपली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांची मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, आणि निवडणुका पुढे पुढे ढकलल्या गेल्या. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने घातलेला अनुच्छेद २४३-यू सांगतो की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मुदत दिली. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. संभाजीनगरकर साडेपाच वर्षांहून अधिक काळ सभागृहाविना राहिले.

त्या काळात आयुक्तच प्रशासक होते. आयुक्त म्हणून त्यांनी प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून त्यांनीच तो पाहायचा आणि मुख्य सभा म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. ही रचना कुठल्याही प्रामाणिक अधिकाऱ्यावरही अन्याय करणारी आहे, कारण त्याची चूक दाखवायला समोर कुणी उरत नाही. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. ते तयार करणारा आणि मंजूर करणारा हात एकच. रस्ते काँक्रीटचे करण्याची सुमारे सहा हजार कोटींची कामं २०२३ च्या सुरुवातीला दिली गेली, तेव्हा त्यावर २२७ प्रभागांतल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला सभागृहात उभं राहून प्रश्न विचारता आला नाही. मग रस्ते एकदम खोदले गेले, आणि रहिवाशांच्या गटांनी स्वतः चर मोजायला, फोटो काढायला, कामाचा फलक लागला आहे का हे पाहायला सुरुवात केली. जे काम स्थायी समितीने करायचं, ते गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस ऑफिसला जाण्याआधी करत होते.

आयुक्ताच्या हाती अधिकार एकवटले की सगळं वाईटच होतं, असं लोक म्हणत नाहीत. मुंबईत करोनाच्या पहिल्या दोन लाटांनंतर तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ भेटतात. खाटेसाठी एकाच ठिकाणी वाट पाहावी लागू नये म्हणून २४ प्रशासकीय वॉर्डांत वॉर रूम उघडल्या गेल्या आणि घाबरलेल्या घराला आपल्याच वॉर्डातून फोन येऊ लागला, हे लोकांना अजून आठवतं. पण नीट पाहिलं तर ते श्रेयही विकेंद्रीकरणाचं आहे. केंद्रात बसलेल्या माणसाने अधिकार खाली सोडले, म्हणून ते जमलं. सुरतमध्ये १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त झालेले एस. आर. राव यांनी हेच केलं होतं. शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागप्रमुखाला पैशाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले आणि रोज सकाळी सगळ्या अधिकाऱ्यांना कार्यालयाऐवजी रस्त्यावर पाठवलं. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. प्लेगच्या दिवसांत शहर सोडून पळालेल्या कामगारांत तीही होती, आणि परत आल्यावर बदललेलं शहरही त्यांनी पाहिलं.

याच्या उलट बाजूला संभाजीनगरचं पाणी आहे. जायकवाडीचं धरण इतकं जवळ असूनही नळाला आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा पाणी येतं. नव्या योजनेला २०१९ मध्ये १,६८० कोटींची मंजुरी मिळाली, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. मे २०२२ मध्ये संताप एवढा वाढला की घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपयांवरून २,०२५ वर आणावी लागली. पट्टी अर्धी केली याचा अर्थ, पैसे घेऊनही पाणी देता येत नाही हे महापालिकेने मान्य केलं. त्या शहरातल्या बाईला आयुक्त कसे आहेत विचारलं, तर ती पाण्याचा वार सांगते. पाणी येण्याच्या दिवशी कामावर खाडा करणारी, रात्री दोन वाजता उठून ड्रम भरणारी बाई एखाद्या अधिकाऱ्याला जे गुण देईल, ते कुठल्याही पाहणीत सापडणाऱ्या गुणांपेक्षा जास्त खरे आहेत. तिने ते कुठे द्यायचे?

पुण्याच्या हद्दीवरची गावं याहून अवघड स्थितीत होती. २०२१ च्या जूनअखेर २३ गावं पुणे महापालिकेत आली. नऊ महिन्यांनी महापालिकेची मुदत संपली. म्हणजे ग्रामपंचायत गेली, आणि त्या गावांतल्या लोकांनी महापालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेचार वर्षं कर महापालिकेचा, पाणी बहुतेक ठिकाणी टँकरचं आणि सरपंचही नाही, नगरसेवकही नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या बोलण्यात आजाराच्या भीतीइतकंच हेही होतं : आम्ही हे आधीपासून सांगत होतो. सांगत होते हे खरं. पण कुणाला सांगत होते? सहायक आयुक्ताच्या आवक खिडकीला.

शहराचा कारभार एका नेमलेल्या, तज्ज्ञ माणसाच्या हाती द्यावा आणि त्याच्यावर निवडून आलेल्यांचा अंकुश असावा, ही कल्पना आपल्याकडे अलीकडे आली असं अनेकांना वाटतं. ती आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे आणि तिच्यावरचा पहिला मोठा वाद नागरिकांनीच घातला. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई ज्याच्या नावाने ओळखली जात असे, तोच. त्याने बाजार बांधले, गटारं काढली, शहर साफ केलं आणि पैसे असे उडवले की तिजोरी रिकामी झाली. त्याच्यावर नजर ठेवायला होते सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस. १८७१ मध्ये करदाते उठले. नवरोजी फर्दुनजींसारखे पुढारी आघाडीवर होते, आणि क्रॉफर्डला हाकला, कमिशनरचे अधिकार काढून घ्या, हाच सूर होता.

त्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी निबंध वाचला आणि भर सभेत प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की एका हाती कार्यकारी सत्ता असण्यात दोष नाही. दोष आहे तो त्या हातावर करदात्यांनी निवडलेल्यांची नजर नसण्यात. कमिशनर बलवान राहू द्या, त्याच्यासमोर करदात्यांची सभा बसवा. सभेला ते आवडलं नाही. पण १८७२ च्या कायद्याने ६४ जणांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडले. पुढे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मेहतांचा मोठा हात होता, आणि महाराष्ट्रातल्या महापालिकांची आजची घडी त्याच वळणाची आहे. या क्रॉफर्डवर १८८८ मध्येच लाचखोरीचं प्रकरण गाजलं आणि त्यात अडकलेल्या मामलतदारांच्या बाजूने टिळक उभे राहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याआधीचा हा नागरी अध्याय मात्र आपण विसरलो. मेहतांनी १८७१ मध्ये जी अट घातली होती, तीच आपण २०२० ते २०२६ या काळात काढून टाकली होती.

अमेरिकेत हीच पद्धत त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. व्हर्जिनिया राज्यातल्या स्टाँटन या छोट्या शहराने १९०८ मध्ये पहिला सिटी मॅनेजर नेमला. ओहायोतल्या डेटन शहराला १९१३ च्या महापुराने झोडपलं, त्यानंतर तिथल्या लोकांनी ती पद्धत स्वीकारली आणि मग ती देशभर गेली. आज डॅलस, फीनिक्स, सॅन अँटोनियो, सॅन होजे यांसारखी मोठी शहरं याच पद्धतीने चालतात. आपल्या आयुक्ताशी त्याचं खूप साम्य आहे. एक फरक मात्र निर्णायक आहे : तिथला मॅनेजर शहराची निवडलेली परिषद नेमते आणि तीच त्याला काढते. राज्याच्या राजधानीतून त्याची बदली होत नाही. परिषद आवडली नाही तर नागरिक परिषद बदलतात. अनेक शहरं ठरावीक काळाने रहिवाशांची पाहणी घेतात. कॅन्सस सिटीत तर ती वर्षानुवर्षं नियमित होते, आणि रस्ते, पाणी, कचरा, पोलीस यांविषयी लोक किती समाधानी आहेत याचे निकाल जाहीर होऊन अंदाजपत्रकाच्या चर्चेत येतात. मॅनेजरची कामगिरी मोजताना परिषदेपुढे ते कागद असतात.

तिथेही सगळं सुरळीत चालतं असं समजू नये. लॉस एंजेलिसजवळचं बेल हे जेमतेम छत्तीस-सदतीस हजार वस्तीचं, कष्टकरी स्थलांतरितांचं शहर. २००५ मध्ये एका मतदानाने त्या शहराने स्वतःची सनद घेतली आणि राज्याने नगरसेवकांच्या पगारावर घातलेली मर्यादा त्यामुळे सुटली. त्या मतदानाला चारशेसुद्धा लोक आले नव्हते. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघड केलं की मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेत होता. रहिवासी सभागृहात घुसले, राजीनामे घेतले, मार्च २०११ मध्ये परिषदेतल्या सदस्यांना परत बोलावलं. रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. ज्या मतदानाला कुणी फिरकलं नाही त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि पुढे ती सुधारायची सोयही त्यांच्याच हाती होती.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंटच्या लोकांजवळ ती सोय नव्हती. शहर कर्जात बुडाल्यावर राज्यपालांनी तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमला आणि निवडलेल्या परिषदेचे अधिकार गोठवले. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. पाणी तांबूस येऊ लागलं. लोक बाटल्या भरून सभांना आणत होते. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यात ते पाणी थांबवलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. घरांतली मुलं मात्र ते पीत राहिली आणि जुन्या नळांमधलं शिसं त्यांच्या रक्तात उतरलं. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेने सात विरुद्ध एक मतांनी डेट्रॉइटचं पाणी परत आणण्याचा ठराव केला. आणीबाणी व्यवस्थापकाने तो बाजूला सारला. त्याला तसा अधिकार होता. फ्लिंटचे लोक अडाणी नव्हते, गप्प नव्हते, त्यांच्याकडे पुरावाही होता. त्यांचं म्हणणं मानणं ज्याला भाग पडेल असा माणूस खुर्चीवर नव्हता, एवढीच कमतरता होती. प्रशासकाच्या राजवटीत कारभार गतिमान होतो, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने फ्लिंट वाचावं.

आपल्याकडे लोकांचं मत विचारलंच जात नाही, असंही नाही. केंद्राच्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात २०२० साली नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिलं गेलं आणि १११ शहरांतल्या ३२ लाखांहून अधिक लोकांनी उत्तरं भरली. पुणे दहा लाखांवरच्या शहरांत दुसरं आलं. पण त्या उत्तरांवरून पुण्याच्या कुठल्या अधिकाऱ्याला काय विचारलं गेलं? धायरीच्या माणसाचं उत्तर औंधच्या माणसापेक्षा वेगळं होतं का, हे प्रभागवार कधी समोर आलं का? स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत तर प्रतिसाद भरून घेण्याची धांदल शहरवासीयांना चांगली परिचित आहे. शहराचा क्रमांक वर यावा म्हणून घेतलेलं मत आणि कारभार सुधारावा म्हणून घेतलेलं मत यांत मोठं अंतर आहे. पहिल्या प्रकारात माझं समाधान हवं असतं. दुसऱ्यात माझी तक्रार.

पुण्याने एकेकाळी वेगळा रस्ता धरला होता. २००६-०७ पासून, नितीन करीर आयुक्त असताना, सहभागी अंदाजपत्रक सुरू झालं. आपल्या भागातली छोटी कामं नागरिकांनी अर्ज भरून सुचवायची, आणि अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी प्रभागनिहाय तरतूद. पदपथ, बाकं, बसथांबे, दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहं अशी कामं त्यातून झाली. अर्ज अजूनही मागवले जातात. मात्र उत्साह ओसरला आहे, कारण आपण दिलेल्या सूचनेचं काय झालं हे लोकांना क्वचितच कळवलं जातं. पैसे थोडेच होते, पण महापालिकेच्या पैशावर माझंही नाव आहे ही भावना त्यातून येत होती, आणि ती टिकवायला फक्त एक उत्तराचं पत्र पुरलं असतं.

मला स्वतःला काय वाटतं, ते सांगतो. आयुक्त बलवान असावा, कारण लाखो माणसांचं शहर समित्यांनी चालत नाही. त्याला तीन वर्षं पूर्ण मिळावीत. आणि ती मिळताना किंवा आधी काढून घेतली जाताना कारण लेखी, जाहीर असावं. पण वर्षातून एकदा त्याने सभागृहासमोर आपल्या कामाचा हिशेब ठेवावा आणि त्या हिशेबासोबत रहिवाशांची प्रभागवार पाहणी असावी : पाणी किती दिवसांनी, किती वेळ आलं, तक्रार बंद झाली तेव्हा काम झालं होतं का, कर भरलेल्या घराला काय मिळालं. ही पाहणी महापालिकेने स्वतः करू नये, शहरातल्या विद्यापीठाकडे, महाविद्यालयांकडे द्यावी. आयुक्ताची बदली करताना सरकारला तो कागद वाचणं बंधनकारक करावं. त्याने चांगला अधिकारी वाचेल आणि निष्काळजी अधिकाऱ्याला नागरिकांच्या भावनेचा आडोसा मिळणार नाही. एखाद्या लोकप्रिय आयुक्तासाठी मोर्चा काढावा लागतो, तेव्हा शहर आधीच हरलेलं असतं.

यातली एक गोष्ट तर कायद्यात आहेच. २००९ मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसायचं, कामांचा क्रम ठरवायचा, झालेल्या कामांचा जाब विचारायचा आणि बोलावण्याची जबाबदारी नगरसेवकाची. गावाला ग्रामसभा, तशी शहराला ही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली आहे, कारण नगरसेवकांना तीत गैरसोय दिसली आणि आपण कधी ती मागितली नाही. याशिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं. ही साधनं लहान आहेत. तरी वापरली गेली तरच त्यांना धार येते.

आता पुन्हा सभागृहं भरली आहेत. तुमच्या प्रभागातून कोण निवडून आलं, हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीची धावपळ ओसरली की तुमच्या इमारतीतल्या, वाड्यातल्या, वस्तीतल्या चार-पाच जणांनी बसून एक पत्र लिहा : क्षेत्रसभा कधी बोलावणार, तारीख कळवा. एक प्रत नगरसेवकाला, एक आयुक्तांना, दोन्हींवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी याच सुमारास सुरू होते, म्हणजे पत्र वेळेवर पोचेल. उत्तर आलं नाही, तर पुढच्या लोकशाही दिनी तेच पत्र घेऊन जा.